दीड रुपयाचा बांबू



निसर्गसंपत्तीच्या अर्थशास्त्रात पीएच्.डी. करू इच्छिणाऱ्याने आरंभ कोठून करावा, असे मला विचारण्यात आले आहे. उत्तरासाठी फार दूर जावयास नको. या मल्लेश्वरमच्या शेजारीच भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथे 1973 साली माधव गाडगीळ आले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे हे पुत्र. त्या काळी दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारने बांबू टनामागे दीड रुपयाने देऊ केला होता. बुरुडाला मात्र तो बाजारभावाने घ्यावा लागे. इतक्या स्वस्त मालाची काळजी कोण घेणार? बने ओस पडू लागली आणि दोष आला बुरुडांवर.

गाडगीळांनी बांबूची बेटे मोजावयास घेतली. बुडाशी असलेले काटेरी जाळे तोडले की बांबू जोमाने वाढतो, अशी वनखात्याची समजूत होती. गावकरी म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब जनावरे खातात. मोजणीअंती गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम येथून पुढे सुरू होते. त्या दीड रुपयात बुरुडाचा बुडालेला रोजगार कोठे धरला होता? करणाऱ्याच्या वहीत न पडता तिऱ्हाइताच्या माथी बसणाऱ्या अशा खर्चाला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. (अनुवादक म्हणून मला हा शब्द फिका वाटतो, पण तो रूढ झाला आहे.) तो रुपयांत मांडणे, हाच प्रबंधाचा गाभा.

व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 1972 साली स्थापिलेल्या, येथल्याच नागरभावीतील संस्थेत या विषयाच्या संशोधनाची सोय आहे. गणित, सांख्यिकी तेथे शिकता येईल. बुरुडाशी बोलण्यापुरते कन्नड मात्र आधीच शिकून जावे.