जुन्या कांड्याचा डोळा



शेडनेटमधल्या ऑर्किडला चार-पाच वर्षं झाली की बऱ्याच गटांच्या बैठकीत एकच प्रश्न येतो. फुलांचे दांडे आखूड पडायला लागलेत, कुंडीत पानं गळालेली जुनी कांडी दाटलीत. मग ही झाडं टाकून नवीन रोपांसाठी कर्ज काढायचं का? नेमका त्याच वेळी कुणीतरी बाटली घेऊन दारात येतो आणि म्हणतो, "ताई, हे ग्रोथ बूस्टर मारा, मेलेलं झाडसुद्धा फुटेल."

आमच्या गटानं अशा बाटल्या घेतल्या होत्या, त्याही हप्त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. सगळ्या कुंड्यांवर फवारल्या. जी झाडं धड होती ती फुटली, जी सडत होती ती सडली. बाटलीनं काय केलं आणि झाडानं आपलं आपण काय केलं, हे आम्हाला सांगताच येईना. कारण एकही कुंडी बिनफवारणीची ठेवली नव्हती.

आज बोलायचंय ते डेंड्रोबियमबद्दल. कोकणात, गोव्यात आपण फुलांसाठी मुख्यतः हेच ऑर्किड लावतो. याचं एक कांडं वाढतं, त्याच्या बुडाशी दुसरं येतं, मग तिसरं. असं झाड पुढे पुढे सरकतं. मागची कांडी पानं गाळतात, पण ती मेलेली नसतात. त्यांच्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं आणि बुडाशी, पेरापेरावर डोळे असतात, उसाच्या बेण्यावर असतात तसेच.

मग हे डोळे फुटत का नाहीत? तुळशीचा शेंडा खुडला की बगलेतून फांद्या येतात, हे आपल्याला माहीत आहे. वाढता शेंडा बाकीच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. इथेही पुढचा फुटवा मागच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. तो जोड तोडला की मागचा डोळा जागा होऊ शकतो.

म्हणून पहिलं काम बाटलीचं नाही, सुरीचं आहे. झाड कुंडीतून उपटू नका. पुढची तीन-चार कांडी एका बाजूला धरा आणि मागच्या कांड्यांशी असलेला त्यांचा जोड जागच्या जागी कापा. झाड तसंच राहू द्या. मुळं न हलल्यामुळे मागच्या भागाला पाणी मिळत राहतं. काही आठवड्यांनी बुडाशी हिरवा ठिपका फुगलेला दिसला आणि नवी मुळं निघू लागली की मग वेगळी कुंडी करा. हे काम फुलं संपल्यावर, नवी वाढ सुरू होताना करावं. भर पावसात केलं तर काप सडतो.

कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे तुकडे घाला. माती नको. एका भागात निदान तीन-चार कांडी ठेवा, म्हणजे फूल लवकर येतं. एकटं जुनं कांडंही फुटतं, पण त्याला फुलावर यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. हप्त्याचा हिशेब मांडताना हे धरून चाला.

कुठलं कांडं ठेवायचं? बोटानं दाबून बघा. सुरकुतलेलं पण टणक असेल तर ठेवा. मऊ, तपकिरी, वास येणारं असेल तर टाका. त्याला कुठलंही औषध जिवंत करत नाही. कधी कधी वरच्या पेरावर पिल्लू येतं. त्याची मुळं दोन-तीन इंच झाल्यावरच ते काढा.

आता सुरीबद्दल. प्रत्येक झाडानंतर पातं ज्योतीवर तापवून घ्या आणि गार झाल्यावर वापरा. ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझॅक नावाचा विषाणू असतो आणि तो कापणीच्या हत्यारावरून पसरतो. त्यावर औषध नाही. पानांवर पिवळे-काळे चट्टे, रेघा असलेलं झाड वेगळं ठेवा आणि त्याचे भाग करू नका. नाहीतर एका आजारी झाडाची चार होतील आणि शेजारणीच्या शेडमध्येही जातील. कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावा, पण मुळांवर पडू देऊ नका, मुळं सुकतात.

मग बूस्टरचं काय? त्या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, साधं विद्राव्य खत. दोन, समुद्री शेवाळाचा अर्क. तीन, संजीवकं. संजीवकांतही वेगवेगळ्या जाती आहेत. सायटोकायनिन डोळा जागा करतं. पिल्लं आणण्यासाठी पेरावर लावायचं मलम मिळतं, ते याच जातीचं. ऑक्झिन मूळ धरायला मदत करतं, पण जास्त झालं तर वाढच थांबते. म्हणजे डोळा उठवायचा असेल तर मुळाचं औषध उपयोगी नाही. आणि मूळच नसलेल्या कांड्याला खत घातलं तर ते घेणार कोण? उलट क्षारानं कोवळी मुळं जळतात. आधी मूळ, मग खत. मुळं धरली की १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुरे होतं.

बाटली घेण्याआधी आत काय आहे ते वाचा. समुद्री शेवाळासारखे जैव-उत्तेजक २०२१ पासून, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. म्हणून घटक, उत्पादकाचं नाव, तारीख लेबलवर बघा आणि पक्की पावती मागा. लेबल नसेल तर बाटली परत करा, विकणारा कितीही गोड बोलत असला तरी.

तरी वापरून बघायचं असेल तर सारख्या दिसणाऱ्या वीस कुंड्या घ्या. दहांना औषध, दहांना नुसतं पाणी. कुंडीवर खूण करा आणि कुणाला किती फुटवे आले ते गटाच्या वहीत लिहा. फरक दिसला तर सगळ्यांसाठी एकच मोठी बाटली घ्या. नाही दिसला तर पैसे वाचले. आम्ही हे आधी केलं असतं तर एक हप्ता चुकला नसता.

एक शेवटचं. जंगलातल्या झाडावरची आमरी, सीतेची वेणी काढून आणून शेडमध्ये लावू नका. ती बहुधा जगत नाही आणि रानातलीही कमी होते. आपल्या कुंडीतच बेणं पडून आहे.

येत्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला तर आधी शेडमध्ये जा, जुनी कांडी दाबून बघा आणि टणक किती निघतात ते मोजा. मग ठरवा नवीन रोपं किती घ्यायची ते.