रक्ताची नोंद आणि कायद्याचे संरक्षण

(गोरेगाव, जि. गोंदिया येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोरेगावच्या परिसरात ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द आता केवळ डॉक्टरांचे राहिलेले नाहीत. सोयरीक जुळविताना ते दबक्या आवाजात उच्चारले जातात. ‘एसएस’ म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. ‘एएस’ म्हणजे वाहक, आणि वाहक हा सर्वसाधारणपणे निरोगीच असतो. त्याला शेतात राबता येते, शिकता येते, संसार करता येतो. मात्र दोघे वाहक विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निपजण्याची शक्यता चारांत एक इतकी असते. एवढी गोष्ट नीट समजावून न सांगितल्यामुळे वाहक मुलीलाच ‘आजारी’ ठरविले जाते. मुलाकडील दोष मात्र कोणी विचारीत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

भारतात हा विकार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. त्या दशकातच मध्य भारतातही त्याची नोंद झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट होय. तपासणी झालेल्यास कार्ड मिळते आणि विवाहापूर्वी उभयतांनी आपापली कार्डे पडताळून पाहावीत, अशी अपेक्षा असते. पत्रिकेतील गुण जुळविण्यापेक्षा हे जुळविणे निश्चितच हिताचे आहे. परंतु कार्ड दाखविणे हा त्या दोघांचा अधिकार आहे. ते पाहण्याचा अधिकार गावाला नाही.

आनुवंशिक माहितीचे स्वरूपच असे की, ती एकट्याची कधीच नसते. शाळकरी मुलगा वाहक निघाला, म्हणजे त्याच्या आईवडिलांपैकी निदान एकाचा पॅटर्न उघड झाला. भावंडांविषयी शंका निर्माण झाली. क्वचित प्रसंगी आईवडील दोघेही वाहक नसल्याचे आढळते आणि घरातील अत्यंत नाजूक प्रश्न एका कागदामुळे चव्हाट्यावर येतो. तो कागद ज्याच्या कपाटात आहे, त्याच्या हाती घराची अब्रू असते.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविनियमांनुसार रुग्णाचे गुपित राखणे डॉक्टरांस बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि प्रमुख तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. तथापि हा अधिनियम संगणकात असलेल्या अथवा तेथे चढविलेल्या माहितीपुरता आहे. उपकेंद्रातील वा शाळेतील केवळ कागदी नोंदवही त्याच्या कक्षेत येत नाही. आनुवंशिक माहितीसाठी त्यात वेगळे प्रकरणही नाही.

याउलट एचआयव्ही व एड्स अधिनियम, २०१७ पाहावा. बाधित व्यक्तीची स्थिती तिच्या जाणत्या संमतीवाचून उघड करण्यास त्यात सामान्यतः मनाई असून भेदभावासही बंदी आहे. अमेरिकेने २००८ मध्ये आनुवंशिक माहितीच्या आधारे नोकरी व आरोग्यविमा यांत भेदभाव करण्यास कायद्याने प्रतिबंध केला. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सिकलसेलच्या रुग्णांस संरक्षण दिले. वाहकाचा त्यात समावेश नाही. म्हणजे रुग्णास कायद्याचा आधार, आणि ज्याला आजार नाही पण डाग मात्र लागतो, तो उघड्यावर!

ही उणीव संसदेने भरून काढावयाची आहे. तोवर काम थांबविता येत नाही. तपासणी झालीच पाहिजे. पण एकदा यादी ग्रामसभेत वाचली गेली किंवा वर्गात नाव घेऊन कार्डे वाटली गेली, तर पुढच्या शिबिरास त्या टोल्यातून कोणी येणार नाही, आणि मग मोहिमेचे आकडे कागदावरच राहतील. पंचायतीला किती तपासले, किती रुग्ण, किती वाहक एवढ्या संख्या पुरेशा आहेत. नावांची तिला गरज नाही. शिक्षकाने मुलाचा निकाल बंद पाकिटात पालकाच्या हाती द्यावा आणि समजावून सांगण्याचे काम आरोग्यसेविकेवर सोपवावे. नोंदवही कुलपात राहावी, व किल्ली कोणाकडे आहे हे लिहून ठेवलेले असावे.