शस्त्राचा हक्क कीं शस्त्राचा परवाना?

स्कॉटलंडांत हिवाळा सरूं लागला म्हणजे गारठलेल्या मातींतून सर्वांआधीं एक लहानसें पांढरें फूल डोकें वर काढतें. त्यास तिकडे 'स्नोड्रॉप' म्हणतात. १९९६ सालच्या मार्च महिन्यांत डन्ब्लेन या गांवीं हेंच फूल उमललेलें होतें. त्या महिन्याच्या १३ तारखेस सकाळीं एक मनुष्य चार पिस्तुलें घेऊन तेथील प्राथमिक शाळेंत शिरला, आणि कांहीं मिनिटांच्या आंत त्यानें पांचसहा वर्षांचीं सोळा मुलें व त्यांच्या शिक्षिका यांचे प्राण घेऊन अखेर स्वतःसहि संपविलें. चौकशींत निष्पन्न झालें तें असें कीं, तीं हत्यारें त्याच्याजवळ रीतसर परवान्यानें होतीं. पुढें कांहीं नागरिकांनीं त्या फुलाच्या नांवानें एक अर्ज काढला. त्यावर सात लाखांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या, आणि १९९७ सालीं झालेल्या दोन कायद्यांनीं ग्रेट ब्रिटनमध्यें खाजगी माणसानें पिस्तूल बाळगणें जवळजवळ पूर्णपणें बंद झालें.

श्रोतेहो, आज मला ज्या वादाविषयीं बोलावयाचें आहे तो असल्याच प्रसंगांतून उत्पन्न होतो. असा गोळीबार झाला म्हणजे सारें राष्ट्र हळहळतें, आणि लवकरच दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, हत्यारांस आळा घाला. दुसरा म्हणतो, हत्यार आपण होऊन कोणास मारीत नाहीं, तेव्हां माणसास आळा घाला. हें दुसरें म्हणणें हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. ब्रिटनमध्यें हजारों सभ्य गृहस्थ नेमबाजीच्या छंदापायीं पिस्तुलें बाळगीत असत. एकाच्या अपराधासाठीं आम्हां सर्वांचीं हत्यारें काढून घेणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें नव्हे काय, असें त्यांस वाटलें. निरपराध माणसावर भार पडतो, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. तो भार न्याय्य कीं अन्याय्य, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

ऑस्ट्रेलियानें या प्रश्नाचें उत्तर विलक्षण त्वरेनें दिलें. डन्ब्लेननंतर दीड महिन्यानें, २८ एप्रिल १९९६ रोजीं, टास्मानिया बेटावरील पोर्ट आर्थर येथें एकाच बंदूकधाऱ्याच्या हातून पस्तीस माणसें मारलीं गेलीं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांस अधिकारावर येऊन तेव्हां दोन महिनेहि झाले नव्हते. त्यांच्या आघाडीस ग्रामीण भागाचा मोठा आधार होता. म्हणजे ज्यांच्या घरीं बंदुका होत्या त्यांच्याच मतांवर तिची बरीचशी मदार होती. तरीहि बाराव्या दिवशीं, १० मे रोजीं, मध्यवर्ती सरकार व सर्व राज्यें यांच्यांत करार झाला. भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका खाजगी हातीं राहणें जवळजवळ बंद झालें. सरकारनें एक जादा कर बसवून सुमारें साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या व मोडून टाकल्या. शिवाय बंदूक हवी असेल त्यानें ती कशासाठीं हवी याचें सबळ कारण दाखविलें पाहिजे, आणि 'स्वसंरक्षण' हें तसें कारण मानलें जाणार नाहीं, असाहि निर्बंध ठरला. संतप्त बंदूकवाल्यांच्या एका सभेंत हॉवर्ड यांनीं अंगरख्याखालीं चिलखत घालून भाषण केलें. आपण तें घालावयास नको होतें, अशी खंत त्यांनीं पुढें व्यक्त केली.

न्यूझीलंडचा अनुभवहि असाच आहे. १५ मार्च २०१९ रोजीं क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत एक्कावन माणसें मारलीं गेलीं. महिना पुरा होण्याच्या आंत तेथील लोकसभेनें लष्करी धर्तीच्या बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ अशा मतांनीं संमत केला.

परंतु कायदा केला म्हणजे कायमचें निश्चिंत होतां येतें, असें मात्र कोणीं समजूं नये. १४ डिसेंबर २०२५ रोजीं सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर ज्यू लोकांच्या हनुक्का उत्सवावर गोळीबार होऊन पंधरा जण बळी पडले. आणि हल्लेखोरांपैकीं एकाजवळ बंदुकांचा परवाना होता. ज्या देशाचा कायदा इतरांस आदर्श म्हणून दाखविला जातो तेथेंच हें घडलें. कुंपण घातल्यावर त्याची डागडुजीहि वरचेवर करावी लागते, हाच त्याचा अर्थ. कुंपणच निरुपयोगी, असा अर्थ त्यांतून निघत नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. १४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेटिकट संस्थानांतील न्यूटाउन येथें सँडी हूक शाळेंत वीस लहान मुलें व सहा मोठीं माणसें मारलीं गेलीं. त्यानंतर बंदूक विकत घेणाराची पूर्वचौकशी अधिक व्यापक करावी, एवढेंच एक विधेयक सिनेटपुढें आलें. १७ एप्रिल २०१३ रोजीं त्याच्या बाजूनें ५४ व विरुद्ध ४६ मतें पडलीं. परंतु पुढें सरकण्यास साठ मतें आवश्यक असल्यामुळें बहुमत असूनहि तें बारगळलें. २४ मे २०२२ रोजीं टेक्ससमधील युव्हाल्डी येथील शाळेंत एकोणीस मुलें व दोन शिक्षिका बळी पडल्यावर जूनमध्यें एक मर्यादित कायदा संमत झाला खरा. पण त्याच आठवड्यांत वरिष्ठ न्यायालयानें घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्कहि घटनेनें दिलेला आहे, असा निकाल दिला.

एकाच प्रकारच्या दुःखांतून इतकीं भिन्न फळें कां निघावीं? अमेरिकन लोक इतरांहून निष्ठुर आहेत, असें नाहीं. १७९१ सालीं त्यांच्या घटनेंत जी दुसरी दुरुस्ती झाली तींत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला, आणि तो प्रत्येक व्यक्तीचा आहे, असा निर्णय २००८ सालीं न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. त्यामुळें तेथें बंदूक नाकारणाऱ्या सरकारासच आपलें कारण सिद्ध करावें लागतें. ब्रिटन वा ऑस्ट्रेलियांत तें बंदूक मागणाऱ्यास सिद्ध करावें लागतें. साऱ्या वादाची गुरुकिल्ली, माझ्या मतें, या एका भेदांत आहे: पुराव्याचें ओझें कोणाच्या शिरावर?

आपणां हिंदी लोकांस हा प्रश्न अपरिचित नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परकी सरकारनें आपणांस निःशस्त्र केलें, ही सल आपल्या पूर्वजांच्या मनांत खोल रुतली होती. म्हणूनच १९३१ सालच्या कराची काँग्रेसच्या ठरावांत, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. सरकार आपणांस दुबळें करील, ही अमेरिकन मनुष्याची भीति आपण तरी हंसून घालवूं नये. परंतु १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत श्री. हरि विष्णु कामत यांनीं हाच हक्क घटनेंत घालण्याची सूचना मांडली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. स्वतंत्र देशांत राष्ट्रासाठीं शस्त्र धरणें हें नागरिकाचें कर्तव्य आहे, आणि असा सरसकट हक्क दिल्यास तो गुन्हेगारासहि मिळेल, असें त्यांचें म्हणणें पडलें. सूचना नामंजूर झाली. १९५९ च्या कायद्यानेंहि बंदूक परवान्याचीच वस्तु राहिली. राज्य परकें होतें तेव्हां शस्त्र मागणारे आपण, राज्य आपलें झाल्यावर एकमेकांवर विश्वास टाकून हा हक्क सोडते झालों.

तेव्हां या वादांत पणाला काय लागलें आहे, तें उघड आहे. ज्यास शेजाऱ्याचा व सरकारचा भरंवसा वाटत नाहीं तो बंदूक सोडणार नाहीं. आणि घरोघर बंदूक असली म्हणजे भरंवसा वाढणेंहि कठीण. हें चक्र कोणीं तरी प्रथम तोडावें लागतें. आपल्या छंदाचें पिस्तूल ज्या सभ्य ब्रिटिश गृहस्थानें मुकाट्यानें पोलिसांच्या स्वाधीन केलें, त्यानें कोणताहि गुन्हा केलेला नव्हता. त्याच्यावर भार पडला, आणि त्यानें तो सोसला. परंतु त्या सोळा मुलांच्या आईबापांनीं जो भार वाहिला त्याच्याशीं तुलना केली असतां तो न्याय्यच होता, असें मला वाटतें. आपणहि आपल्या मनाशीं तोलून पाहावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.