विवाह, बाप्तिस्मा आणि आपली मुले
(बोईसर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नाना जातिधर्मांचे तरुण एकत्र राबतात. त्यातून विवाह जुळतात आणि घरात प्रश्न उभा राहतो : "मुलगी कॅथलिक घरची आहे, आता आमच्या मुलाला बाप्तिस्मा घ्यावा लागणार काय?" ऐकीव उत्तर देण्यापेक्षा त्या धर्माचा नियम पाहू.

पालघर-बोईसरचा भाग वसई धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. या किनाऱ्यावरील जुन्या कॅथलिक घराण्यांत बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो. प्रौढाची गोष्ट निराळी. आज मागणी केली आणि उद्या मस्तकावर पाणी पडले, असे तेथे होत नाही. १९७२ साली रोमने प्रौढदीक्षेचा प्राचीन क्रम पुन्हा प्रसृत केला. प्रथम नुसती विचारपूस. नंतर मंडळीसमोर स्वीकार होऊन तो माणूस दीक्षार्थी ठरतो. त्यापुढे शिकवण कित्येक महिने चालते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पहिल्या रविवारी त्याची निवड होते. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी होतात. अखेर ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकदमच दिले जातात. मनाविरुद्ध कोणालाही या धर्मात ओढू नये, असे त्यांचा १९८३ चा धर्मकायदाच सांगतो.

हा संथपणा मला पटतो. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास घोषणा केली आणि दीक्षा १९५६ साली घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी शोधात घालविली. मग लग्नाची तिथी साधण्यासाठी धर्म बदलणे शोभेल काय?

शिवाय त्याची गरजही नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिकाचा विवाह त्यांच्या कायद्याने अडतो हे खरे. पण बिशप त्यास सूट देऊ शकतात. मात्र त्यासाठी कॅथलिक वधू अगर वर वचन देतो की, मुलांना त्याच धर्मात वाढविण्याचा आपण शक्य तेवढा प्रयत्न करू. आणि दुसऱ्या पक्षाला हे वचन आधी कळविले जाते. खरी गाठ येथे आहे, आणि आमचे लोक नेमके हेच विचारावयाचे विसरतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणीही धर्म न बदलता लग्न करू शकतो.

आणखी एक गोष्ट दाखल्याची. १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. ख्रिस्ती झालेल्याचा अनुसूचित जातीचा हक्क मात्र जातो. शेजारच्या वारली बांधवाला ही अट नाही, कारण अनुसूचित जमातीला धर्माचे बंधन नाही. चर्चमध्ये जात उरत नाही, हे याचे समर्थन म्हणून सांगतात. परंतु भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच २०१६ च्या आपल्या धोरणात चर्चमधील जातिभेद मान्य केला आहे.

ज्याची खरोखर श्रद्धा बसली असेल, त्याने खुशाल जावे. तो त्याचा घटनादत्त अधिकार आहे आणि आईबापांनी त्याची वाट अडवू नये. पण फादरांना भेटावयास त्याने एकट्याने जावे, लग्नाची बोलणी घेऊन नव्हे. आणि मुलांचे काय, हे दोघांनी साखरपुड्यापूर्वीच एकमेकांस विचारावे.