एक रांग, अनेक दारे

(दौलताबाद येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘नियोजन’ हा शब्द समाजवाद्यांच्या तोंडी आयुष्यभर राहिला. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी त्याचे काय होते, याचा विचार फारसा झालेला नाही. अपघातातील रुग्णाला थांबवता येत नाही. हर्निया, मोतीबिंदू, झिजलेला खुबा यांना थांबवता येते, आणि थांबवता येते म्हणूनच ते थांबवले जातात.

औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले. त्याचे रुग्णालय सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. अशा कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री अपघाताचे रुग्ण आले की सकाळची ठरलेली शस्त्रक्रिया पुढे जाते. यात डॉक्टरांचा दोष नाही. टेबल तेच, भूलतज्ज्ञही तेच. उलट, तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियागृह बांधलेले असते, पण भूलतज्ज्ञाअभावी ते कित्येकदा बंद राहते. एकीकडे रांग आणि दुसरीकडे कुलूप, असा हा संसार आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने रांग ही किंमतच होय. ती रुपयांत न घेता मजुरीच्या बुडालेल्या दिवसांत घेतली जाते. दौलताबादच्या परिसरातील शेतमजुराला हर्नियामुळे ओझे उचलता आले नाही, तर त्याचा हंगाम जातो. शेवटी तो कर्ज काढून खाजगी दवाखाना गाठतो, आणि सरकारी हिशेबात त्याची शस्त्रक्रिया ‘फुकट’च राहते!

मग रुग्णालयांनी एकत्र काम का करू नये? वैद्यकीय महाविद्यालय एका खात्याकडे, चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय दुसऱ्या खात्याकडे, शहरातील दवाखाने महापालिकेकडे आणि खेड्यातील आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. रुग्णाचे दुखणे मात्र एकच असते. तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी याच गडाखाली हलवली. येथे तर एक चिठ्ठी एका कचेरीतून दुसरीत हलवायची आहे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा याच शहरात आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व औरंगाबाद येथे अवयव प्रत्यारोपणाची विभागीय समन्वय केंद्रे आहेत. मेंदूमृत दात्याच्या अवयवांसाठी निरनिराळ्या रुग्णालयांतील रुग्णांची नावे एका यादीत येतात, आणि क्रम ठरलेल्या निकषांनी लागतो. मूत्रपिंडाच्या बाबतीत जे जमते ते मोतीबिंदूच्या बाबतीत जमू नये, हे पटत नाही. धर्मादाय रुग्णालयांचेही तसेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. या खाटा सामायिक यादीला जोडल्या, तर निर्धनाला दारोदार फिरावे लागणार नाही.

इंग्लंडमध्ये करोनानंतर प्रतीक्षायादी सत्तर लाखांवर गेली, तेव्हा तेथील रुग्णालयांनी एकमेकांचे रुग्ण घेतले आणि नियोजित शस्त्रक्रियांसाठी आणीबाणीच्या कामापासून वेगळी केंद्रे चालवली. यादी त्याने संपली नाही. मनुष्यबळ कमी असेल तर सहकार्य टंचाईची वाटणीच करते. शिवाय तेथे २००३ नंतर खाजगी केंद्रांना कामे दिली गेली, तेव्हा सोपे रुग्ण त्यांनी घ्यावेत आणि अवघड सरकारी रुग्णालयाकडे राहावेत, ही तक्रार झालीच. म्हणून क्रम लावण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेकडेच हवा. सारीच सोपी कामे बाहेर गेली, तर शिकाऊ डॉक्टर हात कशावर बसवणार?

तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी नेताना केवळ नव्या इमारतीची नेऊ नये. प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी किती रुग्ण किती दिवस थांबले आहेत, याचा तक्ता दरमहा आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागावा. तालुक्यांत आळीपाळीने जाणारे भूलतज्ज्ञ नेमावेत. आणि दुसऱ्या गावी शस्त्रक्रियेला पाठवलेल्या रुग्णाचे, तसेच त्याच्याबरोबरच्या माणसाचे, एस.टी.चे भाडे कोणत्या खात्याने द्यायचे, हे लेखी ठरवून घ्यावे.