गाडीला काम द्या

टेबलावर गोल रूळ मांडले, कळ फिरवली, गाडी धावली. थोड्या वेळात कंटाळा येतो, कारण गाडीला काही कामच नसतं!

अमेरिकेतल्या फ्रँक एलिसन यांनी 1940 च्या दशकातच मॉडेल रेल्वेकडे नाटकासारखं पाहायला शिकवलं: गाड्या ही पात्रं, वेळापत्रक ही संहिता.

हे नाटक रंगवायचं तर आधी वेग सांभाळा. एचओ मापात सगळं 87 पट लहान. ताशी 60 किलोमीटरची गाडी इथे सेकंदाला जेमतेम 19 सेंटिमीटर सरकायला हवी. घरोघरी मात्र ती राजधानी एक्सप्रेसला लाजवत सुटते.

मग प्रत्येक वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, एक कार्ड करा: माल कोणता, कुठून कुठे. खरी गंमत शंटिंगमध्ये, म्हणजे डबे हलवून जागेवर लावण्यात आहे. सिमेंटची वाघीण इंजिनामागे आहे आणि माल उतरवायचा बाजूचा रूळ, म्हणजे साइडिंग, पुढच्या बाजूला फुटते. आता ती आत ढकलणार कशी? इंजिन सोडवा, शेजारच्या लूपवरून वाघिणीच्या मागे आणा, जोडा, सांधा बदला, हळूच ढकला. एका वाघिणीसाठी एवढा खटाटोप, पण वेळ कसा जातो कळत नाही.

आपल्याकडचा बोरघाटही मांडता येईल. कर्जतहून लोणावळ्याकडे 37 ला 1 असा चढ, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या इंजिनांचा वेग आधी तंतोतंत जुळवून घ्या. मागचं जरा जास्त रेटू लागलं, की हलके डबे वळणावर रुळांबाहेर पडलेच म्हणून समजा.