हायस्कुलाची जागा, इमला आणि वर्गणी



ज्या वसंत व्याख्यानमालेत आज बोलण्याचा मान आपण मला दिला आहे, तिचा पाया १८७५ साली न्यायमूर्ती माधवराव रानडे यांनी घातला. आणि त्याच रानड्यांनी पुढे नऊ वर्षांनी, वामन आबाजी मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि शंकर पांडुरंग पंडित या मंडळींसह, ह्याच पुणे शहरात मुलींचे हायस्कूल उभारण्याचे कार्य अंगावर घेतले. व्याख्यानाला एक मांडव आणि ऐकणारे चार जिज्ञासू लोक एवढे पुरते. हायस्कुलाला जागा लागते, इमला लागतो, आणि तो इमला पन्नास-शंभर वर्षे उभा ठेवील असा पैसा लागतो. हा पैसा पूर्वी पुण्याने कोठून आणला आणि आज तो कोठून आणता येईल, हा माझा आजचा विषय आहे. त्यात मला मुख्यतः एकच गोष्ट प्रतिपादन करावयाची आहे : शाळेची इमारत किती मोठी झाली याहून ती कोणाकोणाच्या हातून झाली याला महत्त्व अधिक आहे, कारण पैसा ज्या रीतीने गोळा होतो त्या रीतीवरच ती शाळा पुढे गावाची राहते की एखाद्या मालकाची होते, हे ठरत असते.

त्या मुलींच्या हायस्कुलाचे, म्हणजे हुजूरपागेचे, उदाहरण मी प्रथम घेतो, कारण त्यात या प्रश्नाची सर्व अंगे एकत्र आलेली दिसतात. मुलींना हायस्कूल हवे ही मागणी तेव्हाच्या पुण्यात सर्वमान्य मुळीच नव्हती. स्त्रियांना इंग्रजी शिक्षण कशाला, असा प्रश्न विचारणारा पक्ष प्रबळ होता. अशा परिस्थितीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कुलाची विनंती मांडण्याचा प्रसंग आला, तेव्हा इंग्रजीतील ते निवेदन भर सभेत रमाबाई रानडे यांनी वाचले. ज्या शिक्षणाची मागणी करावयाची, त्याचे फळ मागणी करणाऱ्या व्यक्तीच्या ठायी प्रत्यक्ष दाखवावयाचे, ही रानड्यांची योजना मला आजही अतिशय मोलाची वाटते. २१ सप्टेंबर १८८४ रोजी शाळा सुरू झाली. पुढे सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांकडून जागा मिळाली. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जेथे होती, तेथे मुलींचे वर्ग भरू लागले. सर विल्यम वेडरबर्न यांनी आपले दिवंगत बंधू सर डेव्हिड यांच्या स्मरणार्थ दहा हजार रुपये दिले. म्हणजे जागा एका देशी संस्थानिकाची, रोकड एका स्कॉटिश अधिकाऱ्याची, आणि चालकत्व शहरातल्या विद्वान गृहस्थांचे, असा तो संयोग होता. यांपैकी एकानेही ती शाळा आपल्या नावाने मागितली नाही. लोक तिला आजतागायत त्या जमिनीच्याच जुन्या नावाने ओळखतात, आणि पेठांतील कित्येक घरांत आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या तिच्या विद्यार्थिनी आहेत.

याच काळात न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी यांचा जो इतिहास घडला, तो इमारत कोणत्या क्रमाने यावी याविषयी फार बोध करणारा आहे. सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि नुकतेच विद्यापीठातून बाहेर पडलेले टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये शाळा काढली ती मोरोबादादांच्या वाड्यात. माधवराव नामजोशी आणि वामन शिवराम आपटे त्यांना येऊन मिळाले, आगरकर एम. ए. होऊन पुढल्या वर्षी आले. १८८४ च्या ऑक्टोबरात सोसायटी स्थापन झाली, आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेजही एका वाड्यातच, गद्र्यांच्या वाड्यात, उघडले. स्वतःच्या इमारतीचा कोनशिला-समारंभ लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते १८९२ साली झाला आणि कॉलेज चतुःशृंगीच्या बाजूच्या नव्या वास्तूत गेले ते १८९५ साली. पहिल्या दिवसापासून मोजले तर ही पंधरा वर्षे होतात. एवढा काळ या मंडळींनी काय केले? महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकविण्याची शपथ घेतलेले आजीव सभासद त्यांनी निर्माण केले. देणगीदाराच्या दृष्टीने याहून भक्कम तारण ते कोणते? नामजोशी दक्षिणेकडच्या संस्थानांत हिंडले, गोपाळराव गोखले पुढे चिटणीस या नात्याने इमारत-फंडासाठी सुट्टीच्या सुट्ट्या दारोदार फिरले. आणि ज्याच्या दारी ते जात, त्याला हे ठाऊक असे की मागणाऱ्या माणसाने मागण्याआधी आपले सारे आयुष्य त्या कामाला देऊन टाकलेले आहे. आजच्या आपल्या पद्धतीत हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटा झालेला मला दिसतो, आणि त्याचे मला मनापासून दुःख होते : आधी कमान, प्रवेशद्वार, काचेचा दर्शनी भाग, मग त्यात शिकविण्यासाठी कराराने घेतलेले, वर्षभर टिकतील की नाही याची शाश्वती नसलेले शिक्षक.

परंतु या थोर मंडळींचे गुणगान करताना एक सत्य झाकून ठेवणे योग्य होणार नाही. त्यांच्या शाळा सर्वांसाठी खुल्या असल्या, तरी त्या शाळांच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्याची शक्ती सर्वांना नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांनी आपला वाडा दिला, हे भिड्यांचे औदार्य पुण्याने विसरू नये. पण त्या शाळेला शहराच्या तिजोरीने किंवा धनिकांच्या थैल्यांनी पक्की, टिकाऊ वास्तू दिली नाही, हेही विसरू नये. तो वाडा अखेर जीर्ण होऊन, न्यायालयाचे निवाडे होऊन, डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. शाळा चालू असताना जी वर्गणी जमावयास हवी होती, ती आता स्मारकाच्या रूपाने येत आहे. बाबूराव जगताप यांनी १९१८ साली श्री शिवाजी मराठा सोसायटी स्थापन करून बहुजन समाजातील मुलांसाठी हायस्कूल उभे केले, तेही याच उणिवेपोटी. शहराची एक शाळा सर्वांची झाली नाही, म्हणजे दुसरी काढावी लागते. आणि ती काढणाऱ्यांचे श्रम पहिल्यांच्या श्रमांहून काकणभर अधिकच असतात.

मोठ्या देणग्यांचा महिमा मी कमी लेखीत नाही. जमखंडीच्या अधिपतींचे दोन लक्ष रुपये मिळाले म्हणून न्यू पूना कॉलेजाचे सर परशुरामभाऊ कॉलेज झाले आणि टिकले; सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लक्षांवाचून कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला बाळसे धरता आले नसते. पण त्याच अण्णासाहेब कर्व्यांनी, हिंगण्याच्या माळावर पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी, आपल्या कोकणातल्या गावासाठी 'मुरूड फंड' उभारला होता, आणि त्यामागचे तत्त्व मला पंधरा लक्षांहूनही मौल्यवान वाटते : नोकरीधंद्यासाठी परगावी गेलेल्या प्रत्येक मुरूडकराने आपल्या मिळकतीचा अल्पसा अंश गावाच्या कामाकडे लावावा. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड काढला, तेव्हा दळायला बसलेल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढले की तिचाही त्या शाळेवर हक्क लागे. अशा शाळेत मास्तर वेळेवर येतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार ती बाई कोणत्याही देणगीदाराइतक्याच निःशंकपणे बजावू शकत असे.

आता आजच्या पुण्याकडे वळू. जुन्या पेठांतील अनेक हायस्कुलांच्या इमारती थकल्या आहेत. तिकडे शहराची हद्द मात्र पसरली आहे. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, नांदेड, मांजरी, वाघोली ही पूर्वी गावाबाहेरची ठिकाणे आता शहर झाली. तेथे घरे वर्षा-दोन वर्षांत उभी राहतात, आठवीनंतर मुलामुलींना कोठे पाठवावे हा प्रश्न मात्र आईबापांना बसच्या वेळापत्रकावर सोडवावा लागतो. सरकारचे अनुदान आहे, परंतु ते मुख्यतः मान्यताप्राप्त शाळेतील शिक्षकांच्या वेतनापुरते. वेतनेतर अनुदान तुटपुंजे आणि अनियमित. भिंती, छप्पर, प्रयोगशाळा आणि मैदान यांची तजवीज संस्थेने स्वतः करावयाची असते. २०१२ च्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळांच्या कायद्याने तर अनुदानाचा प्रश्नच निकालात काढून सारा भार फीवर टाकण्याची वाट मोकळी केली. ज्या कुटुंबाला ती फी परवडत नाही, त्याच्यासाठी जी शाळा हवी, तिची इमारत कोण बांधणार?

याचे पहिले उत्तर पैशात नसून जमिनीत आहे. विकास आराखड्यात शाळेसाठी आणि क्रीडांगणासाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. पण १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचे १२७ वे कलम असे आहे की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, आणि त्या नोटिशीच्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उडून जाते. कागदावरची शाळा अशी एका पत्राच्या उत्तराअभावी नाहीशी होऊ शकते, आणि एकदा त्या जागेवर दुसराच इमला चढला की कोणत्याही वर्गणीने ती परत मिळत नाही. म्हणून मी म्हणतो की, नव्या वस्तीतील नागरिकांनी देणगीची पावतीपुस्तके छापण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना खात्यातून आपल्या भागाचा आराखडा मागवावा, आरक्षित भूखंडांचे क्रमांक टिपावेत, आणि त्यांतील प्रत्येकाची तारीख लक्षात ठेवावी.

जागा मिळाल्यावरही घाई नको. तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या आगीत ९४ बालके दगावली. स्वयंपाकाची चूल, झावळ्यांचे छप्पर आणि अरुंद जिना, एवढीच त्या अनर्थाची सामग्री होती. आपल्या पेठांतील काही शाळांचे जिने मी पाहिले आहेत आणि त्यांवरून मधल्या सुट्टीत धावणारी मुले पाहून माझा जीव वर-खाली झाला आहे. सभागृहाच्या सजावटीसाठी देणगीदार लवकर मिळतो, दुसऱ्या जिन्यासाठी मिळत नाही. म्हणून दुसरा जिना, मुलींची स्वच्छतागृहे, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि खेळण्याचे मैदान यांचा खर्च खर्ड्यात सर्वांआधी मांडावा आणि जमलेल्या पहिल्या पैशातून तोच भागवावा, असा माझा आग्रह आहे.

राहता राहिला निधी. मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातील दोन टक्के सामाजिक कार्याला देण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने घातले आहे, आणि पुण्याभोवती कारखाने नि संगणक-कंपन्या यांची वाण नाही. तो पैसा अवश्य घ्यावा. पण तो एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये. उरलेला पैसा त्याच वस्तीतून, दरमहा ठरावीक वर्गणीने यावा : सोसायटीतल्या सदनिकाधारकाने द्यावा, तसाच तिच्या पहारेकऱ्याने आणि तेथे भाजी विकणाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावा, कारण मुले त्यांचीही त्याच शाळेत यावयाची आहेत. जमाखर्च दर तीन महिन्यांनी फलकावर लागावा. संस्थेची जागा विकावयाची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यावयाची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पण त्या दप्तरापर्यंत कागद जाण्यापूर्वी वर्गणीदारांची सभा भरली पाहिजे, अशी अट संस्थेच्या घटनेतच घालून ठेवावी. पेठांतील जुन्या शाळांच्या पुनर्बांधणीलाही हाच नियम लागू करावा, कारण तळमजल्यावर दुकाने आणि वर वर्ग ही योजना त्यांच्यापुढे आज अनेकांकडून मांडली जात आहे, आणि मैदानाचा बळी त्यात सर्वांआधी जातो.

आपल्यापैकी जे नव्या हद्दीत राहतात, त्यांनी या व्याख्यानमालेनंतरच्या रविवारी आपापल्या वस्तीत एक सभा भरवावी. आराखड्याची प्रत, कलम १२७ आणि आठवीत जाणाऱ्या मुलामुलींची यादी, एवढे तीन कागद तिच्यापुढे असले म्हणजे कामाला आरंभ करता येईल.